झाकणातलं धिरडं

आप्पा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी कंपनीत लाइनवर उभी होते. आमच्याकडे फोन लॉकरमध्ये ठेवावे लागतात, त्यामुळे निरोप सुपरवायझरच्या तोंडून आला. ते एवढंच म्हणाले, "मॅडम, तुमच्या सासऱ्यांची तब्येत जास्त हाय, घरी जावा." तब्येत जास्त आहे म्हणजे काय, ते आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. रांजणगाव ते शिरूर मी मांडीवर डबा घट्ट धरून आले. त्यात आप्पांनी त्याच सकाळी भरून दिलेली मुगाची धिरडी होती... मी निघाले तेव्हा ते गॅसपाशी उभे होते, आणि रात्रपाळी संपवून माझा नवरा प्रकाश घरी पोचला तेव्हा ते खुर्चीत बसल्याजागी गेलेले होते. गॅस बंद होता, ओटा पुसलेला होता आणि तवा घासून जागेवर ठेवलेला होता, हे प्रकाश दिवसभर येईल त्याला सांगत होता. घर माणसांनी भरलं. शेजारच्या शबानाभाभींनी चहापाण्याचं सगळं हाती घेतलं आणि त्या गडबडीत माझा डबाही घासून पालथा घातला. उन्हाळ्याचे दिवस, धिरडी आंबली होती, म्हणाल्या. त्यांचं खरंच होतं. पण आप्पांच्या हातचं ते शेवटचं खाणं मी चाखलंसुद्धा नाही, ही हळहळ अजून जात नाही.

आप्पा दौंडचे. उभी हयात रेल्वेत गेली, मालगाडीचे ड्रायव्हर होते. मालगाडीच्या ड्रायव्हरला ठरलेली वेळ नसते. कॉलबॉय दार वाजवून सांगेल तेव्हा निघायचं, मग ती पहाट असो नाहीतर भर दुपार. त्यामुळे त्यांच्या रेल्वेच्या क्वार्टरमध्ये एक रीतच पडून गेली होती : तव्यावरून उतरलेलं पहिलं खाणं डब्यात जायचं, आणि वेळ उरलीच तर माणसाच्या ताटात. वेळ सहसा उरत नसे. सासूबाई डबा भरायच्या, आप्पा उभ्याउभ्या दोन घास तोंडात टाकून निघायचे. निवृत्त झाल्यावर दोघांनी सकाळी निवांत बसून खायचं ठरवलं होतं, पण सासूबाईंनी लगेच अंथरूण धरलं आणि त्यातच गेल्या. मग आप्पा आमच्याकडे शिरूरला राहायला आले, ते आपली ड्युटीची लोखंडी पेटी घेऊनच.

तोवर आमच्या घरात सकाळचं खाणं असं काही नव्हतंच. मी पहिल्या पाळीला, प्रकाश कायम रात्रपाळीला. तो आठला यायचा आणि मी सहालाच स्टॉपवर. चहात बुडवलेली बिस्किटं, नाहीतर स्टॉपवरचा वडापाव, आणि मग अकरा वाजेपर्यंत छातीत जळजळ. आप्पांनी आठवडाभर हे मुकाट बघितलं आणि एका सकाळी माझ्या आधी उठून ओटा ताब्यात घेतला. सुनेला सासऱ्यानं करून वाढायचं म्हणजे मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण त्यांना त्याचं काहीच नव्हतं. ड्रायव्हरांच्या मुक्कामाच्या रनिंग रूममध्ये स्वतःचं स्वतः करून खाण्यात जन्म गेला होता. त्यांचं सगळं गणित आदल्या संध्याकाळी व्हायचं. मुगाची डाळ भिजत पडायची, आलं-लसूण-मिरची वाटून वाटीत झाकलेली असायची, दुधी नाहीतर गाजर सकाळी थेट पिठात किसलं जायचं. कधी रात्रीच्या भाकरीचा कुस्करा, वर मोड आलेली मटकी परतून. कधी ज्वारीचं पीठ खमंग भाजून केलेली उकडपेंडी आणि वाटीभर दही. चहाला उकळी फुटेपर्यंत त्यांचं खाणं तयार. तेल बेताचं, तिखट मात्र सढळ. "सरोज, सकाळच्याला पोटाला आधार पायजे, भार न्हाई," म्हणायचे. माझी जळजळ गेली, आणि गोळ्याही बंद झाल्या.

एक गोष्ट मात्र त्यांना आयुष्यभर सुधारता आली नाही. हात सवयीचा गुलाम. पहिलं धिरडं डब्यात, दुसरं डब्यात, तिसरंही डब्यात, आणि माझ्या बशीत काही पडायच्या आत खाली कंपनीच्या बसचा हॉर्न. मग चौथं हातात घेऊन मी जिना उतरायची आणि वरून ते स्वतःवरच चिडायचे. मी त्यांना चिडवायची, "आप्पा, तुमची मालगाडी काही दौंडहून सुटत नाही आता." ते हसायचे. पण एकदा हसता हसता म्हणाले, "तुझ्या सासूसंगं कामाच्या दिवशी सकाळचं एकदा बी बसलो न्हाई मी. तुमचं दोघांचं बी तसंच चाललंय." रविवारचं त्यांना कौतुक नव्हतं. चर्चहून आल्यावर सगळेच बसतात, त्यात काय, असं म्हणायचे. त्यांना कामाच्या दिवशीची पंगत हवी होती, तिघांची.

ती एकदाच झाली. बस वाटेत बंद पडल्याचा मेसेज आला, दुसरी यायला अवकाश होता, आणि प्रकाशची त्या दिवशी सुट्टी होती. बसायला वेळ मिळाला, पण ताटात वाढायला काही नव्हतं, कारण आप्पांनी होतं नव्हतं ते सगळं डब्यात भरून ठेवलेलं. मग डबाच टेबलाच्या मधोमध उघडला. मी आणि प्रकाशने डब्यातून खाल्लं आणि आप्पांनी झाकण पुढं ओढून घेतलं, माझं ताट हेच म्हणाले. त्यांनी नेहमीची एका वाक्याची प्रार्थना केली, 'आजच्या भाकरीसाठी आणि सोबतीसाठी तुझे उपकार, प्रभू,' आणि त्यातल्या सोबतीपाशी त्यांचा आवाज जरा अडखळला... तसं त्या दिवशी आम्ही विशेष काही बोललोही नाही. प्रकाशच्या गाडीचा हप्ता, खालच्या पाण्याची टाकी, असंच काहीतरी. पण ते झाकण पुसून खाताना त्यांचा चेहरा जो दिसला, तसा मी नंतर पाहिला नाही.

पुढं मला जनरल शिफ्ट मंजूर झाली. येत्या एक तारखेपासून बस साडेआठला, म्हणजे प्रकाश घरी आल्यावर. हे सांगितलं तेव्हा आप्पांनी आधी उठून कॅलेंडरवर त्या तारखेला खूण केली. मग म्हणाले, "आता आधी ताटं. डबा मागनं भरायचा." रोज कॅलेंडरकडं बघायचे. एक तारीख यायला चार दिवस होते, आणि ते गेले. न्हावऱ्यावरून त्यांना दौंडला नेलं, सासूबाईंच्या कबरीशेजारी ठेवलं. देवाशी भांडायची आमच्यात पद्धत नाही, पण मी भांडले. चार दिवस काही फार नव्हते.

आता मी जनरल शिफ्टला आहे. एक तारखेला कंपनीत रुजू झाले, पण ओट्यापाशी उभं राहायचा धीर होत नव्हता, म्हणून काही दिवस पुन्हा बिस्किटांवरच काढले. मग एका संध्याकाळी डाळ भिजत घातली. सकाळी पहिलं धिरडं तुटलं, दुसरं बरं आलं. प्रकाश अंघोळ करून येऊन बसला. मी वळून बघितलं तर टेबलावर दोन्ही ताटं रिकामी, आणि डबा भरलेला. आप्पांच्या हाताची सवय माझ्या हातात कधी उतरली, कळलंच नाही. प्रकाशनं ताटं बाजूला सारली, डबा मधोमध घेतला, झाकण काढून आप्पांच्या खुर्चीसमोर ठेवलं आणि त्यात एक धिरडं वाढलं. प्रार्थना कुणी करायची, यावर आम्ही दोघंही थांबलो. शेवटी त्यानंच केली, आप्पांच्याच शब्दांत, आणि तोही तिथंच अडखळला.

झाकणातलं धिरडं आम्ही अर्धं अर्धं खाल्लं. खाली हॉर्न वाजला. मी बसूनच होते.