‘मोरया’ म्हटलं की दोघींचं एन्टर

परवा तुकोगंजच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये आरतीला उभा होतो... टाळ्या वाजवत होतो, पण लक्ष सगळं दोन कीबोर्डांकडे.

या लॅबचं रिपोर्ट छापायचं सॉफ्टवेअर मी लिहिलंय. बरीच वर्षं झाली, तक्रार म्हणून नाही. पण महिनाभरात तीनदा एकाच्या पाकिटात दुसऱ्याचा रिपोर्ट गेला. तिसऱ्यांदा तर सांवेरचे एक काका बसस्टँडवरून परत आले, कारण कागदावर कुणा बाईंचं नाव होतं.

तिन्ही वेळा काउंटर एकच, रुचीजींचा. मुलं मोठी झाल्यावर नोकरीला लागलेल्या, दोन महिन्यांपूर्वीच आलेल्या. लॅबच्या डॉक्टरांनी फोन केला तेव्हा मी जागेवरून न हलता सांगून टाकलं, "प्रोग्राम एकदम बरोबर आहे सर, नवीन मॅडमना जरा बघा."

मग कळलं, रुचीजींना महिनाअखेरपर्यंतच ठेवणार आहेत. आता मात्र मला चैन पडेना. शिवाय एक गोष्ट खुपत होती... चुकलेला रिपोर्ट दर वेळी संध्याकाळचा पहिलाच का? निष्काळजी माणूस काय वेळ बघून चुकतो?

म्हणून सुदामा नगरच्या घरून स्कूटर काढली आणि लॅबमध्ये जाऊन बसलो. रुचीजी रडवेल्या होऊन म्हणाल्या, "भिया, मी स्क्रीनवर नाव दो-दो बार बघते, फिर पण दुसऱ्याचंच निकलतं!"

पाच वाजता तिथे गणपतीची छोटी आरती होते आणि मगच रिपोर्ट छापायला सुरुवात. रुचीजी आणि जुन्या प्रतिभाताई, दोघी पहिला रिपोर्ट आधीच स्क्रीनवर काढून ठेवतात. डॉक्टर म्हणतात "गणपती बाप्पा", आणि "मोरया" म्हणत दोघी एकदम एन्टर मारतात. बाप्पाच्या नावाने बोहनी!

माझा पेढा हातातच राहिला.

त्याचं असं आहे... रिपोर्ट छापण्याआधी माझा प्रोग्राम लॅबच्या मुख्य कॉम्प्युटरवर एक कच्ची फाइल बनवतो आणि काम झालं की पुसून टाकतो. तिचं नाव मी काय ठेवलं होतं? त्या क्षणाची वेळ, सेकंदापर्यंत. तेव्हा लॅबमध्ये एकच काउंटर होता, एका सेकंदात दोन रिपोर्ट कोण काढणार!

रुचीजी आल्यापासून काउंटर दोन. दोन्ही एन्टर एकाच सेकंदात पडले की दोन्ही फाइलींचं नाव एकच, आणि नंतरची आधीच्या फाइलवर चढून बसते. रुचीजींचा हात जलद, म्हणून दर वेळी त्यांचीच फाइल खाली दबायची. जी जास्त चटपटीत, तीच दोषी ठरत होती.

खरं तर ही नावं ठेवायचं काम आपलं नसतंच. सिस्टिमला सांगायचं, ती कुणाकडेच नसलेलं नाव शोधते आणि त्या नावाची फाइल आधीच असेल तर दुसरं घेते. हे मला कॉलेजपासून माहीत होतं... आळस, दुसरं काय.

दुरुस्ती दहा मिनिटांत झाली. फोनवरचं ते वाक्य परत घ्यायला मात्र जास्त वेळ लागला. डॉक्टर आणि प्रतिभाताईंसमोर म्हणालो, "चूक यांची नव्हती. माझी होती, आणि न बघता मी यांच्यावर ढकलली."

डॉक्टर म्हणाले, "रुचीजी, अगल्या महिन्याची ड्यूटी लिहून घ्या."

काल मुद्दाम पुन्हा आरतीला गेलो. मोरया झालं, दोन्ही एन्टर एकदम पडले, आणि दोन प्रिंटरमधून दोन वेगवेगळी नावं बाहेर आली. रुचीजींनी तरीही कागदावर बोट ठेवून नाव दोनदा वाचलं, मगच पाकिटात घातलं.

तेवढी खात्री मी फोनवर बोलण्याआधी एकदा केली असती, तर त्यांच्यावर रडायची वेळ आली नसती.