दोन हजार बायका उजव्या कुशीवर

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी ती आरसेकाकांच्या गळ्यात बांधायला नको.

आमच्या छापखान्यात मी पानांची मांडणी करतो. संगणकासमोर बसायचं आणि चित्र नि मजकूर एकमेकांच्या पायात येणार नाहीत असं बघायचं, एवढंच काम. या धंद्यात एक नियम आहे. चित्रातल्या माणसाचं तोंड मजकुराकडे हवं. पाठ असली की पाहुणे आल्यावर भिंतीकडे वळून बसलेल्या यजमानासारखं दिसतं.

प्रसूतिगृहाचं काम आलं होतं. गरोदर बाईनं झोपावं कसं, याचं एकपानी माहितीपत्रक, दोन हजार प्रती. चित्र छान होतं. पंख्यानं छतावरून पाहावं तशी दिसणारी, डाव्या कुशीवर निजलेली बाई. गुडघे जरा दुमडलेले, त्यांच्या मधे उशी, पोटाखाली एक लहान उशी, पाठीशी लोड. फक्त तिनं मजकुराकडे पाठ केली होती. मी एक बटण दाबलं. बाई मजकुराकडे वळली. डोळ्यांना बरं वाटलं आणि मी चहाला गेलो.

वर ठळक अक्षरांत ‘डाव्या कुशीवर झोपा’ आणि खाली उजव्या कुशीवर निवांत निजलेली बाई, अशा दोन हजार प्रती छापून, पन्नासाचे गठ्ठे बांधून रवाना झाल्या. मालकांना दिसलं नाही, यंत्रावरच्या माणसाला दिसलं नाही. आरसेकाकांनी मजकूर तपासला होता, पण माझी कलाकारी त्यानंतरची.

आरसेकाका मूळचे खिळे जुळवणारे. शिशाच्या खिळ्यांवर अक्षरं उलटी असतात, आरशात दिसावीत तशी. ती उलटी वाचत चाळीस वर्षं काढली, म्हणून हे नाव. खिळे भंगारात गेले तेव्हा मालकांनी काकांना मात्र ठेवून घेतलं, मजकूर तपासायला आणि कागद कापायला. दाढीला बसले की समोरच्या आरशातून मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर ते घडाघडा वाचतात, आणि उठून मागे वळले की तेच वाचायला क्षणभर थबकतात. पत्ता सांगताना तोंडानं ‘डावीकडे’ म्हणतात आणि हात उजवीकडे करतात. नवखा माणूस त्यांच्या भरवशावर निघाला तर गाव पाहून होतं त्याचं.

आणखी एक सवय होती. यंत्र मधेच थांबलं, की काका असतील तिथून उठून यायचे आणि त्याच्या पत्र्यावर तळहात ठेवून उभे राहायचे. पुन्हा सुरू होईपर्यंत. “काका, ताप आहे का बघा,” असं आम्ही म्हणायचो. ते हात काढायचे नाहीत.

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी ते पत्रक माझ्या कीबोर्डवर आणून ठेवलं. त्यांच्या लेकीनं तपासणीहून येताना आणलेलं. तिला सातवा लागला होता.

“कलाकार, ही बाई कुठल्या कुशीवर आहे?”

मी बघितलं. कळेना. शेवटी खुर्चीतच एक खांदा खाली घालून बघितलं. “अरेच्चा,” म्हणालो आणि हसलो.

“हसतोस काय,” काका म्हणाले. “मी तीनदा जमिनीवर झोपून बघितलं. तिन्हीदा उजवी.”

त्यांचा चेहरा कोऱ्या कागदासारखा झाला होता. मालकांना न सांगता ते चालत प्रसूतिगृहाकडे निघाले. गुन्हेगार म्हणून मी मागे.

दोन दिवस काका तिथल्या बाकावर बसून होते. येणाऱ्या प्रत्येक बाईला विचारायचे, “ताई, ते झोपेचं पत्रक मिळालं असेल तर परत द्या.” पहिल्या दिवशी सगळ्यांना ते कुणाचे तरी सासरे वाटले, दुसऱ्या दिवशी कुणाचेच नाहीत असं कळल्यावर कुजबुज सुरू झाली. तेव्हा तिथल्या मोठ्या सिस्टरनी आम्हाला आत बोलावलं.

“काका, एवढं काय झालंय? आम्ही डावी सांगतो, कारण रक्त खेळायला ती जास्त बरी. पण उजवीही चालते.”

“चालते?”

“चालते. शेवटच्या तीन महिन्यांत झोपताना उताणं पडू नये, एवढं बघायचं. मधे जाग आली आणि उताणी असली, तर कूस बदलायची आणि परत झोपायचं. घाबरायचं काही नाही. आणि बाळाची हालचाल कमी वाटली तर मात्र थांबायचं नाही, लगेच यायचं. हे लिहा त्यावर, चित्र कुठेही तोंड करू दे.”

काकांनी टोपी गुडघ्यावर ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली.

“आणि एखादी सगळे महिने उजव्याच कुशीवर झोपली तर?”

“तर तिला झोप लागली म्हणायचं. मला माझ्या वेळी तेवढीही लागली नाही.”

“आणि तिचं मूल गेलं तर?”

सिस्टरनी पेन खाली ठेवलं. “कुणाचं गेलं, काका?”

“एखादीचं म्हणतोय.”

“पुष्कळदा कारण सापडतच नाही. कुशीपायी गेलं, असं मी तरी कुणाला सांगणार नाही.”

“तुम्ही मनानं चांगल्या आहात,” काका म्हणाले आणि उठले. सिस्टर आपली समजूत काढतायत, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं.

पुन्हा छापायचा खर्च मालक देणार नव्हते. म्हणून सिस्टरनी सांगितलेला मजकूर अरुंद पट्टीवर छापायचा आणि प्रत्येक प्रतीवर चिकटवायचा असं ठरलं. रविवारी दुपारी प्रसूतिगृहातून परत आणलेले गठ्ठे, पट्ट्या आणि डिंकाची बाटली घेऊन मी काकांच्या घरी हजर झालो.

दारातच लेक भेटली. डोळ्यांखाली काळं, हातात कपड्यांची पिशवी. तिचा नवरा दूर पुलाच्या बांधकामावर, म्हणून ती आईवडिलांकडे राहत होती. टपाल कचेरीत खिडकीवर बसते.

“दादा, बरं झालं तुम्ही आलात, साक्षीदार पाहिजेच होता,” ती म्हणाली. “परवा एका माणसाच्या पाकिटावर शिक्का मारता मारता मला तिथेच झोप लागली. तो बिचारा पाकीट ओढत बसला. घरी बाबा झोपू देत नाहीत. पाव तासाला येऊन बघतात. जरा वळले की खांदा हलवून, ‘वळ बाई’. आता ऐका बाबा, मी आत पडायला चाललेय. पुन्हा एकदा उठवलंत, तर संध्याकाळी मी सासूबाईंकडे. पिशवी भरली आहे.”

“जायचं तर जा,” काका म्हणाले. “पण डाव्या कुशीवर झोप.”

तिच्या गाऊनच्या डाव्या बाहीला लाल दोऱ्याचे चार टाके होते. काकांनीच घातलेले. टाके दिसले तर चुकीची कूस, दिसले नाहीत तर बरोबर. स्वतःच्या डाव्या-उजव्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता, आणि तो का नव्हता, हे चौतीस वर्षांत त्यांनी कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

मला ते पुढे तुकड्या-तुकड्यांनी कळलं. ही लेक होण्याच्या कितीतरी आधी काकू पहिल्यांदा गरोदर होत्या. डाव्या कुशीवर झोपवा, असं डॉक्टरांनी काकांना बजावलं होतं. काका दहा तास उलटी अक्षरं जुळवून घरी येत, आणि ओळीतले खिळे हलू नयेत म्हणून पट्ट्या घालून आवळतात, तसे काकूंभोवती उशा आवळत. एक पाठीला, एक गुडघ्यांत, एक पोटाखाली. “डावी झाली,” म्हणत आणि शेजारी आडवे होत. खाट भिंतीला लागून होती, काकूंचं तोंड भिंतीकडे. आठव्या महिन्यात एका सकाळी काकू म्हणाल्या, “आज हललं नाही.”

त्यानंतर महिन्याभरानं काका एकटेच त्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. हाताला मुंग्या आल्या. खाली दबलेला हात कुठला म्हणून बघितलं, तर तो खिळे उचलायचा, उजवा हात होता.

तेव्हापासून काकांनी घरात बोलणं कमी केलं. खाट विकली. भिंत विकता येत नाही, म्हणून तिच्यापुढे कपाट सरकवलं. तरीही त्या खोलीत ते कपाटाकडे पाठ करून बसत. यंत्र थांबलं की हात ठेवायला का येत, ते मला हे कळल्यावर उमगलं, आणि आमचे ते तापाचे विनोद आठवून कानामागे गरम झालं.

असो. तर आम्ही पट्ट्या चिकटवायला बसलो. काका डिंक लावणार, मी पट्टी ठेवणार, काकू वरून फडकं फिरवणार. घड्याळाचा काटा पाव तास पुढे सरकला की काका उठायचे, आतल्या दारातून डोकावायचे, लाल टाके दिसत नाहीत बघून परत यायचे. दोनदा झालं. लेकीच्या पिशवीचा बंद खुंटीवरून लोंबत होता.

शंभरेक प्रती झाल्यावर काकूंनी एक पट्टी डोळ्यांजवळ धरली.

“उजवीही चालते होय?”

“चालते म्हणे,” काका खाली बघूनच म्हणाले.

“मग तेव्हा तुम्ही करायचात ते काही अगदीच चुकीचं नव्हतं म्हणायचं.”

डिंकाचा ब्रश थांबला. “काय करायचो?”

“उशा लावायचात की उजव्या कुशीला. डावी डावी म्हणत.”

मी पट्टीऐवजी स्वतःचा अंगठा चिकटवून बसलो होतो. उठून जावं तर अंगठ्याला दोन प्रती लटकलेल्या.

“तुला माहीत होतं?” काकांनी विचारलं.

“अहो, जेवते कुठल्या हातानं, एवढं मला कळतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“दहा तास उभं राहून यायचात. आणि त्यात इतक्या हौसेनं रचायचात सगळं. तोंडावर कसं सांगायचं, चुकलं म्हणून? तुम्ही घोरायला लागलात की मी उठायचे, उशा इकडच्या तिकडे करायचे आणि डावीकडे वळायचे. पहाटे पुन्हा होत्या तशा लावून ठेवायचे.”

“रोज?”

“रोज. एक दिवस चुकवला नाही.”

काका काकूंकडे बघत राहिले. उलट्या अक्षरांची अख्खी ओळ आधी एका टोकाकडून आणि मग दुसऱ्या टोकाकडून वाचून बघावी, तसे.

“म्हणजे डावीवरच होतीस.”

“डावीवरच होते. म्हणून तर मला वाटायचं...” काकूंनी फडक्याची घडी घातली. “वाटायचं की रोजची ती उठबस, उशांची ओढाओढ, त्यातच काही झालं असेल. तुम्ही बोलेनासे झालात, तेव्हा म्हटलं, यांना कळलंय.”

“मला काय कळणार? मला वाटत होतं, मी...” काकांनी कपाटाकडे हात केला. काकूंनी कपाटाकडे बघितलं आणि मग बराच वेळ काकांच्या उजव्या हाताकडे.

“चौतीस वर्षं?” त्या म्हणाल्या.

“तूही तेवढीच.”

मला वाटलं, आता काका रडतील, किंवा निदान मोठा श्वास सोडतील. तसं झालं नाही. त्यांचा चेहरा उलट आणखी ओढला गेला. इतकी वर्षं त्यांच्यापाशी एक उत्तर होतं, वाईट का असेना, आणि तेही आता हातातून गेलं होतं.

“मग गेलं कशानं?” त्यांनी विचारलं. काकूंना की मला, कळलं नाही.

“ते कुणाला ठाऊक,” काकू म्हणाल्या. “मुलगी होती. नाक तुमच्यासारखं.”

“मला दाखवली नव्हती.”

“मी बघितली होती.”

काकूंनी कोमट पाण्यात बोट बुडवून माझा अंगठा सोडवला. काकांनी पुढची प्रत ओढली, डिंक लावला, मी पट्टी ठेवली, काकूंनी फडकं फिरवलं. फडक्याखालून एकामागून एक उजव्या कुशीवरच्या बायका निघून गठ्ठ्यात जात होत्या.

काटा पाव तासावर आला. काका उठले. काकूंनी मान वर केली, पण त्यांना अडवलं नाही. आतलं दार अर्धं उघडं होतं, पडदा वाऱ्यानं आत ओढला जात होता. काका दाराच्या चौकटीशी थांबले. एक हात वर गेला, खांदा हलवायला जातो तसा. आतून लेकीचा घोरण्याचा बारीक आवाज आला. काकांनी तोच हात कडीवर ठेवला आणि आवाज होऊ न देता दार लोटून घेतलं. येताना खुंटीवरची पिशवी काढून त्यांनी कपाटात ठेवली आणि येऊन माझ्यासमोर बसले.

मला राहवलं नाही. “काका, कुठल्या कुशीवर आहे?”

“बघितलं नाही.”