पाठमोरे व्याही

एकही सामना न चुकवणारा आणि एकही सामना न पाहणारा क्रीडाप्रेमी या भूतलावर एकच आहे, आणि तो माझ्या नशिबी व्याही म्हणून आला आहे. माझ्या लेकीचे हे सासरे नागपूरचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. दरवर्षी मार्चमध्ये कॅनडात ब्रॅम्पटनला लेकाकडे येतात आणि जूनमध्ये परत जातात. मला ते ‘इवाई’ म्हणतात. व्याह्याला त्यांच्याकडे तसंच म्हणतात. मी आता लेकीकडे इथेच राहत असलो तरी पडलो पुण्याचा, त्यामुळे सुरुवातीला मला ते अंमळ खटकायचं. आता कुणी ‘व्याहीसाहेब’ म्हटलं तर परक्या माणसाशी बोलतोय असं वाटतं.

तर या माणसाची अशी ठाम समजूत आहे की आपण टक लावून ज्याकडे पाहतो ते बिघडतं. दूध तापत ठेवलं की ते त्याच्याकडे पाठ करून उभे राहतात. पाठ केल्यामुळे दुधाचं व्हायचं तेच होतं, सगळी शेगडी पांढरी होते, आणि सुनेने विचारलं की शांतपणे सांगतात, “मधात एकदा वळून पाहिलं होतं मी, त्याच्यानं झालं.” लेकाचा बारावीचा निकाल त्यांनी शेजाऱ्यांना पाहायला लावला होता. नागपूरच्या त्यांच्या कॉलनीत तर या गुणाला मोठी मान्यता होती. भारताचा क्रिकेटचा सामना रंगात आला की लोक स्वतः येऊन म्हणत, “भाऊ, जरा गच्चीवर जाता का? शेवटच्या षटकात बारा पाहिजेत.” भाऊ निमूटपणे गच्चीवर जात, मागून कुणीतरी चहा आणि भजी पोचवत असे, आणि खालून आरडाओरडा ऐकू आला की हे वर एकटेच टाळ्या वाजवत. एकदा जिंकल्यावर पहिला पेढा गच्चीवर पाठवला गेला होता. हा प्रसंग मी किमान चाळीस वेळा ऐकला आहे, आणि दर वेळी तो पेढा थोडा मोठा होतो.

यंदा आमच्या दोघांची नात ईरा, वय वर्षं दहा, मुलींच्या बेसबॉल संघात गेली. संघाचे सामने घराजवळच्या पार्कात, मे महिन्यापासून दर शनिवारी सकाळी. मे महिना म्हणजे उन्हाळा असं ज्यांना वाटतं त्यांनी ब्रॅम्पटनला त्या मैदानाच्या कडेला तासभर बसून दाखवावं. पहिल्याच शनिवारी व्याही कानटोपी, मफलर, हातमोजे आणि थर्मासभर चहा घेऊन आले, सगळ्या पालकांच्या रांगेत आपली घडीची खुर्ची उघडली, आणि ती मैदानाकडे पाठ करून ठेवली. समोर पार्किंग लॉट. तिथल्या गाड्यांकडे बघत ते दोन तास बसले.

“अहो, निदान पहिला सामना तरी बघा,” मी म्हणालो.

“तुम्ही पाहा नं इवाई. मी पाहिलं की गडबड होते. काय करून राहिली पोर, तेवढं सांगत जा फक्त.”

अशा रीतीने मी त्या माणसाचा समालोचक झालो. आयुष्य इंजिनिअर म्हणून काढलेला मी, बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण दोन आठवड्यांत मी स्ट्राइक आणि फाउलमधला फरक तावातावाने समजावून सांगू लागलो. व्याह्यांना त्याची फारशी गरजही नसायची. मोकळी फिरलेली बॅट, हातमोज्यात बसलेला चेंडू, चेंडू लागल्यावर बॅटचा होणारा टणत्कार, हे सगळं ते पाठमोरे बसून ओळखायचे. “बाजूनं घासून गेला,” ते गाड्यांना उद्देशून म्हणायचे, आणि तसंच झालेलं असायचं. बाकीच्या पालकांनी आधी त्यांच्याकडे चमत्कारिक नजरेने पाहिलं. मग एका पंजाबी आजोबांनी त्यांना हिंदीत विचारून घेतलं, आणि पुढच्या शनिवारपासून तेही अधूनमधून खुर्ची अर्धी वळवून बसू लागले.

उपयोग मात्र शून्य. संघ पहिला सामना चौदा-दोन असा हरला, दुसरा अकरा-तीन. जूनच्या पहिल्या शनिवारपर्यंत ओळीने सहा सामने झाले होते आणि सहाही आमच्या पोरी इमानेइतबारे हरल्या होत्या. ईराच्या बॅटला चेंडू म्हणून लागला नव्हता. व्याह्यांनी याचा अर्थ असा लावला की आपण पुरेसे पाठमोरे नाही. पाचव्या सामन्याला त्यांनी खुर्ची वीस पावलं लांब नेली. सहाव्याला ते गाडीत जाऊन बसले, वर काचाही चढवल्या, आणि मी प्रत्येक खेळीनंतर तिथवर जाऊन बातमी द्यायची असं ठरलं. माझे गुडघे काय म्हणाले ते इथे लिहीत नाही.

त्या सहाव्या सामन्यानंतर ईरा माझ्याबरोबर चालत घरी आली. बॅट खांद्यावर, चेहरा पडलेला. निम्म्या वाटेत म्हणाली, “आजोबा, आय वॉन्ट टू क्विट.” मी म्हणालो, हरजीत चालायचीच. ती म्हणाली, “इट्स नॉट दॅट. आबा डझन्ट इव्हन लुक ॲट मी. ही सिट्स इन द कार नाऊ. ॲम आय दॅट बॅड?”

मला रस्त्यातच थांबावं लागलं. पेढ्याची गोष्ट चाळीस वेळा ऐकलेला मी, ती या पोरीला कुणी एकदाही सांगितलेली नाही हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. ती इथे जन्मलेली. इथे आजोबा येतात ते बघायला येतात, आणि ज्याने पाठ फिरवली त्याला आपली लाज वाटते, एवढंच तिला कळत होतं. मी तिला तिथेच सगळं सांगितलं, गच्ची, भजी, पेढा. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “बट आय ऑल्वेज चेक. एव्हरी टाइम आय गो टू बॅट. आणि मला फक्त त्यांची टोपी दिसते.”

संध्याकाळी मी व्याह्यांना ते जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी कानटोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, “सहा सामने मी मान आवरून बसलो, इवाई. वळून पाहायचं किती मनात येते, तुम्हाला काय सांगू. मला वाटलं, तेवढंच आपल्या हातानं होते तिच्यासाठी.” आणि थोड्या वेळाने, “पण मी पाहिलं आणि ती आउट झाली तर?” मी म्हणालो, न पाहताही ती आउटच होते आहे. पुणेरी बोलणं कधीकधी असं कामाला येतं.

सातवा सामना त्यांच्या विमानाच्या आदल्या दिवशी होता. व्याह्यांनी खुर्ची उचलली, दोनदा इकडेतिकडे फिरवली, आणि अखेर मैदानाकडे तोंड करून ठेवली. मफलर काढला. चष्मा पुसला, पुन्हा पुसला. ईरा बॅट घेऊन आली, सवयीने खुर्च्यांकडे नजर टाकली, आणि तिला टोपीखाली चेहरा दिसला. ती इतकी हसली की कोचने तिला हाक मारून समोर बघायला सांगितलं. मग तिने तीन वेळा जिवाच्या आकांताने बॅट फिरवली आणि तिन्ही वेळा हवाच मारली. संघ एका धावेने हरला.

“सांगितलं होतं मी,” व्याही पुटपुटले. डोळे भरले होते त्यांचे, आणि थंडीवर ढकलायची सोय नव्हती, कारण त्या दिवशी पहिल्यांदाच बरं ऊन पडलं होतं. तेवढ्यात ईरा धावत आली. “आबा, डिड यू सी माय स्विंग?”

“पाहिला बेटा,” ते म्हणाले. “तिन्ही पाहिले. दुसरा सगळ्यात मस्त होता.”

त्यानंतरच्या शनिवारी संघ जिंकला. ईराने चेंडू असा टोलवला की ती थेट दुसऱ्या बेसपर्यंत पोचली. मी मैदानातूनच नागपूरला फोन लावला. व्याह्यांनी एकेका चेंडूची हकिगत वदवून घेतली आणि मोठ्या समाधानाने म्हणाले, “बघा. मी नव्हतो, म्हणून जिंकल्या.” मी वाद घातला नाही. मग त्यांनी विचारलं, “बॅटिंगला जाताना तिनं खुर्च्यांकडे पाहिलं का हो?”

“पाहिलं,” मी म्हणालो. “तुमची खुर्ची आणली होती तिने. सकाळी स्वतःच मांडली, मैदानाकडे तोंड करून.”

मग ते एवढंच म्हणाले, की तिकडे अजून गार असेल, पोरीला स्वेटर घालायला सांगा. त्यानंतरही बराच वेळ त्यांनी फोन ठेवला नाही, आणि मीही ठेवला नाही.