मावशींचा एकच प्रश्न

बी.एड. झालेल्या माणसाला आठ दिवसांत अडाणी ठरवावं तर ते आमच्या मावशींनीच. नंदनवन वस्तीतल्या मतिमंदांच्या आमच्या निवासी संस्थेत त्या आया होत्या. काटोलच्या, शिक्षण चौथी. पण नव्या कर्मचाऱ्यांना तयार करायचं काम त्यांच्याकडेच होतं. ऑटिझम हा शब्द तेव्हा आमच्यापैकी कोणी ऐकलाही नव्हता. मावशी एवढंच म्हणायच्या, "याले आवाज टोचते." म्हणून त्यांनी स्वतःच्या बांगड्या उतरवून ठेवल्या होत्या, आणि एका देणगीदारांचे बूट करकरतात म्हणून त्यांना फाटक्या मोज्यांवर अख्खी संस्था फिरवली होती. नव्या माणसाने आठ दिवस हात मागे बांधून नुसतं पाहायचं. नवव्या दिवशी अंगात गोणपाटाची बंडी, कानाशी मोठ्याने रेडिओ, आणि समोर बेरजा. मी चिडून पेन्सिल फेकली, तेव्हा खूश होऊन म्हणाल्या, "तुले एका घंट्यात राग आला. त्याहिले जन्मभर हेच हाये, गा!"

कोणी कोणाला मारलं, की त्या थेट मास्तरला गाठायच्या. "त्यानं मारलं हे दिसून राहिलं मले. त्याच्या आधी तू काय करून राहिला होता?"

वसंता आमच्याकडे राहणारा, तिशीचा, धिप्पाड. दारातून जाताना चौकटीला तीनदा हात लावायचा. एकदा विश्वस्त जेवायला आले होते, मागे रांग खोळंबली होती. पहिला स्पर्श होताच मी त्याचा हात ओढला. तो माझ्या मनगटाला कडकडून चावला. नोंदवहीत मी लिहिलं, 'कारण नसताना चावला.' मावशींनी त्यांचा नेहमीचा प्रश्न विचारला. विश्वस्तांसमोर मला लाज वाटली. "काही नाही, मावशी," मी म्हणालो. त्यांनी ते खरं मानलं. माझ्या त्या एका ओळीवर वसंताला दूरच्या मनोरुग्णालयात पाठवलं.

निवृत्तीनंतर मावशी मला काटोलच्या स्टँडवर भेटल्या. माझ्या पिशवीत संत्री कोंबत म्हणाल्या, "वसंताचं काही समजलं काय, गा? माह्याच शिकवण्यात कसर राहिली असन. तो बिनाकारण चावणारा नव्हता." सांगायला एक वाक्य पुरलं असतं. बस लागली होती, मी चढलो. पुढे मावशी वारल्या, आणि ते वाक्य माझ्यापाशीच राहिलं.

आता नवी माणसं मी तयार करतो. प्रश्न तोच विचारतो. कोणी "काही नाही" म्हटलं, की माझा विश्वास बसत नाही. मावशींचा बसला होता.