पट्टीवरचे उलटे आकडे

बहिणीच्या शिलाई मशीनची मोटर काढून त्याने एकदा पंखा केला होता. तेव्हापासून घरात त्याचं नाव खटपट्या. आता इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता आणि महागडे कृत्रिम हात ज्यांना परवडत नाहीत, त्यांच्यासाठी स्वस्तातला पंजा बनवत होता. एक वर्ष आधीच वाया गेलेलं. या पंजाच्या तोंडी परीक्षेत गचकलो तर आई कॉलेज सोडायला लावेल, हे त्याने पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरकाकांना फोनवर दहादा तरी ऐकवलं होतं.

पंजा या काकांसाठीच होता. कागद कापायच्या मशीनने त्यांची चार बोटं नेली होती, अंगठा तेवढा उरला होता. त्यांचं गाव बसने अडीच तासांवर. माप घ्यायला जायचं दर रविवारी ठरायचं आणि दर रविवारी राहून जायचं. शेवटी त्याने फोटो मागवला. काकांनी मनगटाला रबरबँडने मोजपट्टी बांधली, दुसऱ्या हातात फोन धरला आणि कोपऱ्यात हसऱ्या चेहऱ्यासकट फोटो पाठवून दिला.

परीक्षेच्या सकाळी दोघं पहिल्यांदा भेटले. वर्गाबाहेरच्या बाकावर त्याने खोका उघडला. काकांनी खिशातून उजवा हात काढून पुढे केला. पंजातलं अंगठ्याचं भोक भलत्याच बाजूला होतं.

"अंगठा इकडे कसा रे?" काका म्हणाले.

त्याने फोनमधला फोटो काढला. पट्टीवरचे आकडे उलटे दिसत होते. समोरच्या कॅमेऱ्याने उजव्याचा डावा करून टाकला होता. आणि हे त्याला आज कळत होतं असंही नाही. पाच महिन्यांपूर्वी फोटोवरून माप घेताना आकडे वाचता येईनात, म्हणून त्याने नुसत्या रेघा मोजल्या होत्या. कोणता हात, हे एका वाक्यात विचारता आलं असतं.

"दोन डावे हात घेऊन घरी गेलो तर तुझी काकू दारात उभं करायची नाही," काका म्हणाले. त्याला मान वर करता येईना.

तेवढ्यात शिपायाने त्याचा नंबर पुकारला. आपण जाऊ या परत, असं काहीसं तो पुटपुटला. काकांनी डाव्या हाताची धडधाकट चार बोटं आत दुमडली, पंजात कोंबली आणि अंगठा भोकातून बाहेर काढला. उजवा हात खिशात गेला.

"तू तुझं बोल. बाकी माझ्यावर सोड."

आत काकांनी मनगट वाकवून कप उचलला, पेन धरलं, कागदाची घडीसुद्धा घातली. बाहेरून आलेले परीक्षक खूश झाले. कुठला हात गेला, असं त्यांनी विचारलं.

"कामाचा," काका म्हणाले.

सगळे हसले. खटपट्याही हसला, आणि आपण हसतोय हे कळल्यावर त्याचे कान तापले. पंजाच्या मोजमापाबद्दल विचारलं तेव्हा त्याने प्रत्येक आकडा न अडखळता सांगितला. परीक्षकांनी वहीत काहीतरी लिहून दोनदा अधोरेखित केलं.

बाहेर येऊन काकांनी पंजा काढला. बोटं पांढरी पडली होती, सांध्यांवर लाल वळ. ती सरळ व्हायला बराच वेळ लागला. तो चोळून देऊ लागला तर काकांनी हात मागे घेतला.

"चोळतोस कशाला? माप घे. माझी गाडी साडेपाचला आहे."

त्याने दप्तरातून पट्टी काढली आणि काकांचा उजवा हात हातात धरला. पाच महिन्यांत पहिल्यांदा. हात गरम होता, तळवा खरखरीत, कातडीत मुरलेल्या खळीचा वास. वहीच्या नव्या पानावर त्याने आधी 'उजवा' असं लिहिलं. पहिलं माप लिहिलं. दुसऱ्यापाशी पेन थांबलं.

"काय झालं?"

त्याने पंजा उचलला आणि वर्गाचं दार ढकललं. परीक्षकांच्या टेबलावर तो ठेवताना त्याची नजर टेबलाच्या कडेवरच होती.

"सर, हा काकांच्या हाताचा नाही. माझं चुकलं. ते मला सांभाळून घेत होते."

 मग परीक्षकांनी त्याच्यामागे, दाराकडे पाहिलं. तिथे काका उभे होते, आणि या वेळी त्यांनी उजवा हात खिशात लपवला नव्हता.