साईटवर

आमच्या घरात साईट या शब्दाला एकच अर्थ होता. अप्पा सकाळी सायकलच्या हँडलला डबा अडकवायचे आणि म्हणायचे, साईटवर चाललो. अप्पा गवंडी. तालुक्याच्या गावातल्या निम्म्या शाळाखोल्या, एक बँक, दोन दवाखाने आणि मोजता येणार नाहीत इतके संडास त्यांच्या हातचे आहेत. आम्ही मात्र पत्र्याच्या दोन खोल्यांत वाढलो. साईट नेहमी दुसऱ्या कुणाची तरी असायची. वकिलांची साईट, पाटलांची साईट. अप्पा नुसते तिथे जायचे.

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. हे मी अजूनही सगळ्यांना सांगते आणि सांगताना आवाज खाली आणत नाही. परीक्षा देऊन केंद्र सरकारच्या नोकरीत लागले, दिल्लीला आले, मुनिरकात एक खोली घेतली. जिना इतका अरुंद की गॅसचा सिलेंडर वर नेताना समोरून येणाऱ्याने मागे फिरायचं. ऑफिसात माझी ख्याती अशी की ही बाई तोंडावर बोलते. मला ते आवडायचं. खोटं बोललं की ते लक्षात ठेवावं लागतं, आणि माझ्या डोक्यात आधीच फायली होत्या.

दोन वर्षांनी धाकटा भाऊ आला. तोही पदवी घेऊन आला, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायला. खोलीत मधोमध पडदा लावला. पडद्याच्या त्या बाजूला नकाशे आणि वर्तमानपत्रांची कात्रणं. पूर्वपरीक्षा तीनदा गेली. चौथ्यांदा निघाली तर मुख्य परीक्षेत अडकला. त्या निकालानंतर तो आठवडाभर नुसता झोपून होता.

मग एक दिवस गुडगावच्या कुठल्याशा मॉलमध्ये कुणीतरी त्याच्या डोळ्यांवर तो मोठा गॉगल चढवला. आभासी जगाचा, व्हीआरचा. तो समुद्राच्या तळाशी फिरून आला म्हणे. घरी आला तो वेगळाच. ताई, उद्या सगळे यातच राहणार, म्हणाला. शाळा, देऊळ, बाजार, सगळं यात. आणि प्रत्येकाला तिथे पत्ता लागणार. पत्ता म्हणजे इंटरनेटवरचं नाव, साईटचं डोमेन. ते नाव आधी ज्याच्याकडे, तो मालक. वर्षाची फी भरायची, नाव धरून ठेवायचं, गरजू माणूस आला की विकायचं. परदेशात लोक यावर बंगले बांधतात, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं.

मी म्हटलं, चांगली इंग्रजी नावं आधीच गेली असतील. गेली होतीच. तेव्हा त्याला ती गोष्ट सुचली, जी फक्त आपल्या माणसाला सुचेल. आभासी जगाची नावं इंग्रजीतल्या व्ही आणि आर या दोन अक्षरांवर संपतात. आणि आपण मोबाईलवर मराठी लिहिताना 'वर' असं लिहायचं झालं की तीच दोन अक्षरं टाकून मोकळे होतो. मग गडावर. आभासी जगातला गड बघायचा तर गडावर जा. माळावर. बांधावर. गच्चीवर. एकेका नावात दोन अर्थ बसत होते, आणि एकही नाव कुणी घेतलेलं नव्हतं.

कुणी का घेतलं नसेल, हा प्रश्न आम्हा दोघांपैकी कुणाला पडला नाही.

ते पंधरा दिवस फार सुखाचे होते. पडदा बाजूला सारून आम्ही जेवायला बसायचो आणि घास हातात ठेवून नावं काढायचो. पारावर माझं. ओट्यावर माझंच. शेजारच्या खोलीत लातूरचा एक मुलगा राहायचा, तोही अभ्यासवालाच. तो दारात उभा राहून म्हणाला, "घोड्यावर घे की. नाव नाही विकलं तर निदान लग्न तरी जमेल." आम्ही तेही घेतलं, चौदावं. फी माझ्या कार्डावरून गेली. कुणी मला फसवलं नाही. मी शिकलेली बाई, कळून सवरून सामील होते.

वर्षभरात एकच फोन आला. गुडगावच्या एका कंपनीतला माणूस, किल्ल्यांच्या सहली दाखवायचं काहीतरी करत होता. भावाने फोन स्पीकरवर टाकला. तिकडून विचारलं, "ये गडावर का मतलब क्या है?" भावाने सांगितलं. गड म्हणजे किला, वर म्हणजे ऊपर, आणि शेवटी बघा, व्ही आर. तो माणूस सभ्यपणे म्हणाला, "अच्छा. लेकिन यार, पढ़ने में गदावर आता है, अंग्रेज़ी में."

भाऊ हसला. फोन ठेवल्यावरही थोडा वेळ हसत राहिला. मग पडदा ओढून घेतला.

त्याच महिन्यात अप्पांचा फोन आला. पोरगं परीक्षा देत नाही असं लातूरवाल्या मुलाकडून फिरत फिरत गावात कळलं होतं. अप्पांनी विचारलं, तो करतो तरी काय? पडद्याच्या त्या बाजूला हालचाल थांबली. मला माझ्या भावाला रिकामा म्हणायचं नव्हतं. मी म्हटलं, "त्याच्या साईट आहेत, अप्पा. चौदा."

अप्पांनी एकदम हलक्या आवाजात विचारलं, "त्याच्या स्वतःच्या?"

"स्वतःच्या."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. हे मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगितलं. पण अप्पांच्या तोंडी साईट म्हणजे काय, हे मला माहीत होतं. त्या शब्दावर मी लहानाची मोठी झाले होते. फोनवर त्यांचा श्वास बदललेला मला ऐकू आला आणि मी तो बदलू दिला. इतक्या वर्षांत एकदा तरी त्यांना साईट आपली वाटू दे, असं काहीसं मनात आलं असेल. किंवा नसेलही. फोन ठेवायची घाई असेल.

पुढचं आईकडून तुकड्या तुकड्याने कळत गेलं. अप्पांनी ठेकेदाराला सांगितलं, आता येत नाही. गुडघे दुखतच होते, त्यांना कारण मिळालं. थापी, रंधा, लेव्हलची नळी, सगळं त्यांनी आपल्या भाच्याला देऊन टाकलं. त्याला म्हणाले, माझ्या पोराच्या चौदा साईटी आहेत दिल्लीत, मी आता कुणाच्या साईटवर जाऊ? आई हे कौतुकाने सांगत होती. मी फोन कानाला धरून मुनिरकाच्या त्या जिन्यात बसले, कुणीतरी वरून दीदी रास्ता दो म्हणत होतं, तरी उठले नाही.

भावाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "साईट तू म्हणालीस, ताई. मी नाही."

खरं होतं. आम्ही दोघांनीही अप्पांना काही सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू. सणाच्या आधी नको, आईचं पोट बिघडलंय तेव्हा नको. नावांची फी पुन्हा भरायची वेळ आली. ती मी भरली. निदान चौदा आहेत हे तरी खरं राहू दे, एवढाच विचार होता.

संक्रांतीला गावातली माणसं पानिपतला, लढाईच्या स्मारकाला, काला अंबला निघाली. दरवर्षी कुठून ना कुठून आपली माणसं तिथे जातात, त्या मातीला हात लावतात. अप्पा कधी गेले नव्हते. या वेळी गेले, आणि कशासाठी ते आम्हाला समजलं. आदल्या दुपारी ते मुनिरकाला आले. जिना चढताना भिंतीवरून हात फिरवत आले. खोलीत बसल्यावर पिशवीतून लाडवांचा डबा काढला आणि त्याच्याखालून ओळंबा, दोरीला बांधलेलं ते पितळेचं वजन, भिंत सरळ आहे का बघायचं. सगळी हत्यारं दिली होती, हे ठेवलं होतं. म्हणाले, इकडची कामं तिरकी असतात, जिना बघितला ना. साईटी एकदा तपासून घेतो.

भाऊ म्हणाला, उद्या तुम्ही पानिपतहून आलात की बघू. आणि क्लास आहे सांगून बाहेर पडला. क्लास नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून त्यांच्या बसमध्ये बसले. भाऊ आला नाही. बसमध्ये पंचवीस-तीस माणसं, पुढे एक निवृत्त गुरुजी, तेच म्होरके. वाटेत सोनपतच्या पुढे धुक्यात अर्धवट उभ्या इमारती लागल्या. अप्पा माझ्या बाजूच्या काचेला नाक लावून बघत होते. यातली एखादी आपली का, असं त्यांनी विचारलं नाही. पण प्रत्येक इमारत गेली की माझ्याकडे बघायचे.

काला अंबला भाषण झालं, घोषणा झाल्या, तिळगूळ वाटला. माणसं गवतावर पांगली. तेव्हा गुरुजी म्हणाले, "परतीची गाडी संध्याकाळी आहे. वेळ हाय. पोराच्या साईटवरनंच बस घेऊ की. चहा तिथंच घेऊ." सगळ्यांनी माना हलवल्या. एकाने टोमणा मारला, चहा कशाला, चौदा साईटीवाला जेवण घालील. अप्पा हसत माझ्याकडे वळले. कुठली जवळ पडेल, विचारलं.

मी त्यांना बाजूला नेलं. मनात बरीच वाक्यं तयार होती. तोंडातून मात्र नेहमीसारखं सरळच आलं.

"अप्पा, साईट म्हणजे जागा नाही. नाव आहे. कॉम्प्युटरवरचं."

"नाव कशाचं?"

"अजून कशाचंच नाही. कुणी विकत घेतलं तर त्याचं होईल."

त्यांनी जरा विचार केला. त्यांना काही समजावायची गरज पडली नाही. "म्हणजे पाटी आहे. घर नाही."

"हो."

"चौदा पाट्या."

"हो, अप्पा."

ते त्या स्मारकाच्या विटांकडे बघत राहिले. मला वाटलं, आता ते मुलाबद्दल विचारतील. त्यांनी विचारलं, "तुला कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्यापासून."

त्यांनी मान हलवली. पागोट्याचा शेमला नीट केला आणि माणसांकडे चालत गेले. मी मागे मागे. मला वाटलं, आता सांगतील. अप्पांनी आयुष्यात कुणाला वीट कमी लावली नाही, एक दिवस जास्त सांगितला नाही.

"आज साईट बंद हाय," ते गुरुजींना म्हणाले. "मजूर सणाला गावाकडं गेल्यात."

"दिल्लीत कसली हो संक्रांत?" टोमणेवाला म्हणाला.

"मजूर बिहारचे. त्यांची पण असतीच की."

"मग भाईरनं तरी बघू."

"भाईरनं काय बघता. सगळीकडनं पत्रा लावलाय. प्लिंथपर्यंत आलंय आत्ताशी."

मी ऐकत उभी होते. एकेक शब्द ते असे लावत होते, जसे आयुष्यभर लावत आले. कुठे फट नाही. लोकांना पटलं. बस थेट स्टेशनवर गेली. फलाटावर मी पाया पडले तेव्हा त्यांनी डोक्यावर हात ठेवला, पण बोलले दुसऱ्याच माणसाशी, डब्याचा नंबर विचारत होते.

भावाने त्या वर्षी नावं सोडून दिली. मुदत संपली, चौदाही गेली. तो आता नोएडात एका कंपनीत तक्रारींना उत्तरं लिहितो. आमचं बोलणं होतं, पण या विषयावर नाही. गॉगलही फारसे कुणाच्या डोळ्यांवर दिसत नाहीत.

अप्पा पुन्हा कामावर गेले नाहीत. जाता येईना. चौदा साईटींच्या मालकाचा बाप पाटलांच्या संडासाला वीट लावायला कसा जाईल? भाच्याकडून थापी परत कशी मागणार? मी पैसे पाठवते, त्याचं काही नाही. पण ज्या माणसाचे हात चाळीस वर्षं ओल्या सिमेंटमध्ये होते, तो आता कोरड्या हातांनी दिवसभर बसलेला असतो. आई सांगते, जेवताना भिंतीकडे बघत बसतात. ते मी केलं. त्याला दुसरा शब्द माझ्याकडे नाही.

दर रविवारी त्यांचा फोन येतो. मागे माणसांचे आवाज असतात, ते मुद्दाम स्पीकर लावतात आणि मोठ्याने विचारतात, काम कुठवर आलं? पहिल्या वेळी उत्तरही त्यांनीच पुरवलं. म्हणाले, स्लॅब टाकून झाला ना? मी म्हटलं, झाला. पाणी मारतात ना वेळेवर? मारतात, अप्पा. मग मी शिकले. स्लॅबनंतर किती दिवस थांबायचं, सेंट्रिंग कधी काढायचं, गिलाव्याआधी काय. ऑफिसातल्या एका सिव्हिलवाल्याला विचारून घेते. मी चुकीचं सांगितलं तर ते सगळ्यांसमोर तोंडघशी पडतील. इतका काळजीपूर्वक मी पदवीचाही अभ्यास केला नव्हता.

गेल्या रविवारी मागे आवाज नव्हते. नुसता पंखा ऐकू येत होता. त्यांनी विचारलं, काम कुठवर आलं?

मी विचारलं, "अप्पा, जवळ कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग?"

ते म्हणाले, "सांग की."

मी सांगितलं. तिसऱ्या मजल्याच्या चौकटी बसल्या, जिन्याचं काम चालू आहे. त्यांनी विचारलं, जिना किती रुंद घेतलाय? मी म्हटलं, रुंद घेतलाय, अप्पा. दोन माणसं शेजारी शेजारी चढतील एवढा.