जिलबीवाल्याचे ससे

सरांनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला. "तुमचं सगळंच चमकतं. दिवाळीपर्यंत काळी स्लाइड दाखवा, नाहीतर नाव कमी करतो. मग घरी बसून जिलबी तळा."

बाबांचं यवतमाळात जिलबीचं दुकान आहे, हे त्यांना ठाऊक होतं. अंगाची नुसती लाही लाही झाली. साठ सालानंतरची गोष्ट. नागपुरात जाऊन संशोधन करणारी आमच्या गल्लीतली मी पहिलीच, आणि म्हणे जिलबी तळा!

काम असं होतं. यीस्टमध्ये साखर फोडणारं एक एन्झाइम असतं. ते पेशीत नेमकं कुठं असतं, हे मला शोधायचं होतं. ते सशाला टोचलं की सशाच्या रक्तात त्या एन्झाइमला पकडणारी प्रतिद्रव्यं तयार होतात. त्यांना चमकणारा हिरवा रंग जोडून यीस्टवर सोडायची. एन्झाइम असेल तिथं हिरवं दिसतं. पण न टोचलेल्या सशाचं रक्त असंच रंगवून सोडलं, तर काहीच दिसता कामा नये, स्लाइड काळीच राहायला हवी. माझं तेही चमकत होतं.

"पोरींना कसले ससे," म्हणून प्रयोगशाळेच्या जनावरघरात मला जागा नव्हती. ससे आमच्या परसात असत आणि रक्त बर्फाच्या थर्मासातून एसटीनं नागपूरला जाई.

त्या दिवशी तणतणत घरी आले, तर आई परसात. दुकानातलं उरलेलं जिलबीचं आंबलेलं पीठ सशांपुढे ओतत होती. आणि ते मेले मिटक्या मारत होते!

"आई, हे काय करून राह्यली तू?"

"काहून? गवत खाऊन खाऊन कटाळले बिचारे. रोजच देतो मी त्यायले."

मी कपाळावर हात मारला. आंबलेलं पीठ म्हणजे यीस्टच की! मी टोचायच्या आधीच सशांचं रक्त यीस्टला ओळखत होतं. चमकणार नाही तर काय?

आईवर चिडले, हसले, पुन्हा चिडले. दारव्ह्याच्या बाजारातून नवे ससे आणले, पिंजऱ्याला कुलूप घातलं, किल्ली गळ्यात बांधली.

"बाप्पा! सशायले कुलूप?" बाबा म्हणाले.

"तुमच्या जिलबीपासून वाचवून राह्यलो त्यायले," मी म्हटलं.  

दिवाळीच्या तोंडावर सर पुन्हा अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले. मी न टोचलेल्या सशाची स्लाइड ठेवली.

"काहीच दिसत नाही."

"दिसायला नकोच आहे, सर."

मग टोचलेल्याची ठेवली. एकेका पेशीच्या कडेनं हिरवं कडं उमटलेलं. ते कितीतरी वेळ मान वर करेनात. शेवटी म्हणाले, "जनावरघरात जागा करू तुमच्यासाठी."

"नको. घरीच बरे आहेत."

पिशवीतला पुडा काढून मी त्यांच्या टेबलावर ठेवला. कागदाला तूप सुटलं होतं.

"जिलबी आमच्या दुकानातली आहे, सर," मी म्हटलं. "आणि काळी स्लाइडही आमच्याच घरची."